नामसिफू आजीच्या दारचं इसाले

“बाबूंनी कधी स्वतःसाठी इसाले नेलं होतं का?”

प्रश्न मानीचा नव्हता. तो तिची मैत्रीण ओलिवा हिच्या सुपीक डोक्यातून निघाला होता आणि नेमा या दुसऱ्या मैत्रिणीनं त्याला पैजेचं शेपूट जोडलं होतं. नामसिफू आजीला विचारायचा, तिच्याच अंगणात उभं राहून, नजर खाली न घालता. विचारला तर नेमा अख्खी सुट्टी मानीच्या वाटचं गाईंचं गवत कापून आणणार. नाही विचारला तर ‘मी कुणाच्या बापाला भीत नाही’ हे वाक्य मानीनं जन्मात पुन्हा उच्चारायचं नाही.

हे शेवटचं मानीला झोंबलं. यंदा शाळेच्या वादविवादात तिनं वरच्या वर्गातल्या दोन शहाण्यांची बोलती बंद केली होती. तेव्हापासून तिची मान ताठ झाली होती आणि जिभेला अशी काही धार आली होती, की आई म्हणायची, “भाजी चिरायला सुरी नको आता, तुलाच बसवते.” एलियामानी हे तिचं पाळण्यातलं नाव. पण गावानं ते कापून मानी केलं होतं, आणि यंदा ते तिला नेमकं शोभत होतं.

नामसिफू आजी म्हणजे मात्र वादविवादातली पोरं नव्हेत. तिच्या केळबागेच्या कडेनं जाणाऱ्या मुलांवर ती काठी उगारायची. पाद्रीबुवांना एकदा तिनं “प्रवचन लांबलं, माझा चुलीवरचा घेवडा जळला” असं चर्चच्या पायरीवर सुनावलं होतं. पण बाबूंच्या जुन्या गोष्टी ठाऊक असलेलं माणूस गावात तेवढंच उरलं होतं.

बाबू म्हणजे मानीचे आजोबा, अनाएली. आजोबांना बाबू म्हणायचं ते नातवंडांनी. पण त्यांना सगळा डोंगर बाबू म्हणत असे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. आणि इसाले म्हणजे ते लांब, हिरवं, चिवट पान. किबो डोंगराच्या या उतारावर प्रत्येक कुंपणाला त्याची झाडं. एरवी त्याला कुणी विचारत नाही. पण त्याच पानाला एक गाठ मारली, दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि ज्याचं आपण वाईट केलं त्याच्या दारात जाऊन उभं राहिलं, की त्याला नाही म्हणता येत नाही. तो सरदार असो, नाहीतर सासू. इसाले पुढं आलं की माफ करायचं. संपलं.

ज्याला स्वतः जायचा धीर होत नसे, तो बाबूंकडे येई. मग बाबू आपला कोपरावर ठिगळ लावलेला करडा कोट चढवत आणि निघत. पाण्याच्या पाटावरून रक्त निघायची वेळ आलेली घरं त्यांनी एका ताटात जेवायला बसवली होती. संध्याकाळी जेवायच्या आधी ते बांधावर उभे राहून खालच्या घरांचा धूर बघत. ज्या घरातून धूर नाही, तिथं मानी केळ्यांचा लोंगर डोक्यावर घेऊन पळायची. “बाबूंनी दिलाय असं सांगू?” तिनं एकदा विचारलं होतं. “सांग, आमच्याकडे फार पिकलेत, नासतील,” बाबू म्हणाले. लोंगर कच्चा, हिरवागार होता. मानीनं तोंड दाबून ते तसंच सांगितलं होतं.

असा माणूस स्वतःच्या चुकीसाठी कुणाच्या दारात उभा राहिला असेल? ओलिवा म्हणत होती, शक्यच नाही, चूक असेल तर ना. मानीलाही तसंच वाटत होतं. पण प्रश्न तिच्या मनात पैजेपेक्षा खोल गेला होता, त्याला कारण होतं.

बाबूंना जाऊन वर्ष होत होतं. उद्या चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना, मग घरी केळबागेत त्यांच्या कबरीपाशी सगळ्यांनी जमायचं, बोकड, केळीची बियर, सगळं. डिसेंबर असल्यामुळे दार-एस-सलामहून, आरुशाहून गावचे लोक गाड्या भरभरून वर आले होते. आले नव्हते ते फक्त मोठेबाबा. म्हणजे डोंगरावर आले होते, पण घरी नाही. मोठेबाबा म्हणजे गॉडलिसन, बाबूंचा थोरला मुलगा. ते यंदा पलीकडच्या गावात सासुरवाडीला उतरले होते. बापाच्या वर्षाच्या प्रार्थनेला थोरला मुलगा सासऱ्याच्या घरी झोपतो, यापेक्षा मोठी शोभा कोणती? त्यांनी निरोप धाडला होता: चर्चला येईन, पण त्या केळबागेत पाऊल टाकणार नाही. आणि बाबूंची कबर तर केळबागेतच होती.

सगळं झालं होतं मांसाच्या एका तुकड्यावरून. पुरण्याच्या दिवशी बोकड कापला. छातीचा वाटा थोरल्या मुलाचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मानीचे बाबा, एलिसांते, धाकटे. रीतीप्रमाणे बापाचं घर त्यांच्याकडे आलं, तशीच वाटे करायची जबाबदारीही त्यांच्यावर आली. आणि त्यांनी रडून सुजलेल्या डोळ्यांनी तो वाटा उचलला आणि शेजारच्या बसिलीच्या हातात दिला. बसिली बाबूंना शेवटच्या आजारात पाठुंगळीला घेऊन रस्त्यापर्यंत उतरला होता, म्हणून. मोठेबाबांनी ते पाहिलं. हातातलं केळीचं पान खाली ठेवलं, गाडीत बसले आणि गेले. तेव्हापासून दोघा भावांत फोन नाही, शब्द नाही.

“मी काय चोरी केली?” बाबा म्हणत. “उपकार केलेल्या माणसाला मान दिला. थोरल्याला एवढंही कळू नये?”

आई म्हणे, “चूक झाली तर झाली. इसाले घेऊन जा.”

“कोण नेणार? नेणारा माणूस कबरीत आहे.”

यावर आई पुन्हा चुलीकडे वळायची. गावातलंही कुणी पुढं होत नव्हतं.

तर अशी ती पैज. दुपारी मानी नामसिफू आजीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आजी दारापुढं बसून उन्हात मका सोलत होती. मानीनं वाकून रीतीनं “शिकामो, आजी” म्हटलं.

“मराहाबा,” आजी म्हणाली आणि वर न बघताच पुढं, “कॉफीच्या झाडांमागं दोन शेळ्या शिरल्यात. त्यांना म्हणावं बाहेर या, नाहीतर काठी येते.”

ओलिवा आणि नेमा बाहेर आल्या. नेमाच्या केसांत कॉफीची पानं होती.

“आता बोल,” आजी मानीला म्हणाली. “अनाएलीची नात ना तू? नाक त्याचंच आहे. अक्कल कुणाची आहे ते बघू.”

मानीनं श्वास घेतला आणि प्रश्न विचारला. डोळे खाली घातले नाहीत.

आजीच्या हातातलं कणीस थांबलं. मग म्हणाली, “एकदा. इथंच. तू उभी आहेस ना, तिथं.”

मानी नकळत एक पाऊल मागं सरली.

“तुझा बाबू तेव्हा पाटाचा प्रमुख होता,” आजी सांगू लागली. “वरच्या झऱ्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं, ते त्याच्या शब्दावर. आणि मी विधवा, पदरात दोन पोरं, खाली नाचणी पेरलेली. कुणीतरी त्याच्या कानाला लागलं, की नामसिफू आपली पाळी नसताना पाणी फोडते. खालच्या लोकांना पाणी पोचत नव्हतं, हे खरंच होतं. अनाएलीनं येऊन बघितलं नाही. मला विचारलं नाही. सरळ माझ्या रानाचं तोंड दगड-मातीनं बुजवून टाकलं. मी ओरडले, शिव्या घातल्या. तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा.”

“बाबूंनी?” ओलिवाच्या तोंडून निघालं.

“मग काय त्याच्या कोटानं? माझी नाचणी वाळून काडी झाली. त्या वर्षी माझी पोरं दुसऱ्यांच्या चुलीवर जेवली. आणि पुढं पाऊस गेल्यावर लोक पाट साफ करायला निघाले, तर वरच्या वळणावर खेकड्यांनी बांध पोखरलेला. पाणी आतल्या आत दरीत जात होतं. चोर मी नव्हते. खेकडे होते.”

नेमा हसली आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. आजी मात्र हसली.

“हस. आम्हीही पुढं हसलो. पण तेव्हा नाही. त्या रविवारी चर्च सुटलं. सगळे बाहेर. अनाएली सरळ घरी न जाता कुंपणाचं इसाले मोडून, गाठ मारून, लोकांच्या देखत माझ्या मागोमाग इथवर आला. प्रमुख माणूस, दाढीत पांढरे केस दिसायला लागलेले, आणि एका तरण्या विधवेपुढं गुडघ्यावर बसला. पुरुष पुरुषाकडं इसाले नेतात. बाईकडं न्यायचं झालं तर दुसऱ्याला पाठवतात. हा स्वतः आला. कुंपणापलीकडं लोक उभे. कुणी हसलं, कुणी म्हणालं, पाटाचा मान घालवला. त्याचा सख्खा भाऊ तोंड फिरवून गेला.”

“आणि तुम्ही माफ केलं,” मानी म्हणाली.

“छे.”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

“पान घेतलं. घ्यावंच लागतं. पण त्याला तोंडावर सांगितलं, की हे रीतीनं घेतलंय, माझ्या पोटानं घेतलेलं नाही. त्याला म्हणाले, माझ्या पोरांची भूक तू परत आणून देशील का? तो म्हणाला, मग हे लावून ठेव. पोट तयार झालं की कळव. आणि उठून गेला. मी रागानं ते देठासकट तिथं खुपसलं. इसाले कुठंही खुपसा, मरत नाही मेलं.”

आजीनं काठीनं दाखवलं. घराच्या कोपऱ्याला इसालेचं झाड होतं, छपरापेक्षा उंच, मांडीएवढ्या खोडाचं. या अंगणाच्या कडेनं मानी हजारदा गेली असेल. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण इतर झाडांसारखंच.

“त्यानंतर तो रोज पहाटे यायचा आणि माझ्या रानातला पाट साफ करून जायचा. बोलायचा नाही. मीही नाही. नाचणी दोनदा पिकली, तेव्हा एका सकाळी मी त्याला बियरनं भरलेला पोकळ भोपळा नेऊन दिला. म्हटलं, पी, पोट तयार झालं. तुझा आजोबा तो भोपळा हातात धरून लहान पोरासारखा रडला. पाटाचा प्रमुख म्हणे.”

वारा आला आणि झाडाची पानं खरखरली.

“पण खरी गोष्ट पुढंच आहे,” आजी म्हणाली. “पुढं लोक आपली भांडणं घेऊन त्याच्याकडं जायला लागले. आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी हं, तो पान तोडायला इथं यायचा. त्याच्या कुंपणाला काय इसाले नव्हतं? ओळीनं आहे. मी विचारलं एकदा. म्हणाला, तिकडची पानं हलकी आहेत. ह्यात माझी लाज आहे, म्हणून ह्याला वजन आहे. ये इकडं, हात लाव.”

मानी झाडाजवळ गेली. खोडावर खालपासून वरपर्यंत जुन्या देठांच्या खुणा होत्या, एकीवर एक, दाट, जशा म्हाताऱ्या हातावर सुरकुत्या. काही आपोआप गळल्याच्या, गुळगुळीत. काही तोडल्याच्या, खरबरीत. त्या बोटांना वेगळ्या लागत होत्या. जिथवर तिचा हात पोचला तिथवर खरबरीत खुणा होत्या, आणि हात पोचत नव्हता तिथंही.

“ही खालची कुणाची?” तिचा आवाज कुजबुजल्यासारखा आला.

“ती वरच्या आळीच्या दोन भावांची, गाईवरून. ती पलीकडची ह्या शेळीच्या आजोबाची,” नेमाकडं काठी गेली. “त्यानं चर्चच्या छपरासाठी आलेलं लाकूड गोठ्याला लावलं होतं.”

“आमच्या घरी कुणी बोललं नाही कधी,” नेमा म्हणाली. तिचे कान तापले होते.

“बोलायचं नसतंच. इसाले झालं की संपलं. आणि ती, तुझ्या खांद्याशी आहे ती, मानी, ती तुझ्या आईची. तू पोटात होतीस. तुझ्या बापानं तिच्या माहेरच्यांना काहीतरी बोलून ठेवलं. जीभ तेव्हाही लांबच त्याची. ती उठून गेली. अनाएली मुलाच्या वतीनं सुनेकडं गेला. सासरा, सुनेपुढं, पान घेऊन. तू या डोंगरावर जन्मलीस ती त्या पानावर.”

मानीनं खुणेवर अंगठा ठेवला. ती इतकी बारीक होती, नखाएवढी. तिथून आपण आलो, असं काहीतरी तिच्या मनात आलं. वर बघितलं तर झाड संपत नव्हतं. किबोच्या माथ्यावरचा ढग बाजूला झाला की बर्फ बघून परगावचे लोक जसे तोंड उघडं ठेवून उभे राहतात, आणि गावातली पोरं त्यांना हसतात, तशी ती उभी होती. आज कुणी हसलं नाही. ओलिवाही तशीच उभी होती.

“वर्ष झालं,” आजी पुन्हा मक्याकडे वळत म्हणाली. “कुणी पान मागायला आलं नाही. गावातली भांडणं संपली वाटतं.”

मानीला ते टोचायचं होतं तिथं टोचलं.

“मला द्या,” ती म्हणाली. “मी नेते. बाबांच्या वतीनं, मोठेबाबांकडे.”

नेमानं तिचा हात धरला. “अगं, पोरी नेत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं काम आहे ते. हसतील तुला.”

“बाबूंनाही हसले होते.”

“तोंड बरं चालतं,” आजी म्हणाली. “पण दुसऱ्याच्या चुकीचं पान मी देत नाही. तुझ्या बाबूलाही दिलं नाही. तो आला की आधी मला सांगायचा, यात माझं काय चुकलं. बाकीच्यांचं मग. कधी म्हणायचा, मला आधी कळलं होतं, मी गेलो नाही. कधी म्हणायचा, मी एकाचं ऐकून मनात दुसऱ्याला दोष दिला. काहीतरी सापडायचंच त्याला. म्हणून लोक त्याच्या हातून घ्यायचे. तुझं काय चुकलं?”

“माझं?” मानी म्हणाली. “मी तर तेव्हा...” आणि थांबली.

काल बाजारात, बस थांबते त्या वळणावर, ती केरोसिनची बाटली घेऊन उभी होती. समोरून मोठेबाबांची गाडी आली, हळू झाली. काच खाली आली. मोठेबाबा हसले, अगदी बाबूंसारखं, एका बाजूनं. “मानी, केवढी झालीस गं,” म्हणाले. आणि मानीनं, बाबांचा राग आपलाच समजून, मान दुसरीकडं फिरवली. ताठ. ऐटीत. मोठ्या माणसाला शिकामोसुद्धा केलं नाही. गाडी थोडा वेळ तशीच थांबली होती. मग काच वर गेली. घरी येताना तिला आपला अभिमान वाटला होता.

तिनं हे सगळं सांगितलं. सांगताना आवाज बारीक होत गेला. मैत्रिणींसमोर असा आवाज तिनं कधी काढला नव्हता.

आजी उठली. गुडघे कटकट वाजले. तिनं स्वतः काठीनं एक फांदी खाली ओढून एक कोवळं, लांब पान देठाशी मोडलं. मानीकडं दिलं, पण सोडलं नाही.

“गाठ तुझी तू मार. आणि ऐक, ते घेतीलच, रीतच आहे. पण पोटानं घेतलं नाही असं म्हणाले तर रडू नकोस. थांबते म्हणावं मी. तुझा बाबू थांबला होता.”

घरी अंगणात उद्याची गडबड होती. आई मांसाच्या रश्श्यात घालायला हिरवी केळी सोलत होती. तिचे हात चिकानं काळे झाले होते. बाबा दगडावर सुऱ्याला धार लावत होते. कबरीभोवतीचं गवत कापून झालं होतं. दोघांनीही मान वर केली नाही.

“कुठं उंडारत होतीस?” आई म्हणाली. “पाणी कोण आणणार, तुझी सासू?”

मानी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. पान तिनं पाठीमागं धरलं नव्हतं. दोन्ही हातांवर, पुढं, आडवं धरलं होतं. मध्ये गाठ. बाबांचा सुरा दगडावर थांबला. आई त्या पानाकडं बघत राहिली, मग मानीच्या तोंडाकडं, आणि तिच्या हातातलं केळं टोपलीत पडलं.

“हे कुणी दिलं तुला?” बाबांनी विचारलं. रागानं नाही. घाबरल्यासारखं.

“नामसिफू आजीनं. बाबा, मी तुमच्या वतीनं जात नाहीये, आधीच सांगते. तुमचं काय ते तुम्ही बघा, आजीच्या दारचं झाड अजून पानांनी भरलेलं आहे. मी काल वळणावर मोठेबाबांना ओळख दाखवली नाही. त्यांनी गाडी थांबवली आणि मी मान फिरवली. ते माझं आहे. म्हणून मी आत्ता, उजेड आहे तोवर, चालत त्यांच्या सासुरवाडीला जाणार आहे, आणि त्यांच्या दारात हे धरून उभी राहणार आहे. लोक हसले तर हसू देत.”